बोलोन्यातले गव्हले

"अशी तोंड वासून रडतात व्हय कुठं? जनाची नाही तर मनाची तरी!"

अक्का हे एका मातीच्या बाईला म्हणाल्या. खरंच सांगते. बोलोन्यातल्या एका चर्चमध्ये आम्ही उभे होतो. समोर भाजलेल्या मातीचे माणसाएवढे पुतळे. मध्ये येशू आडवा, गेलेला, आणि भोवती त्याची माणसं. बाकीचे कसेबसे सावरून उभे आहेत, पण उजव्या बाजूच्या दोन बायका तिथं धावत आलेल्या. ओढणी मागं उडतेय, तोंड पार पडजीभ दिसेल इतकं उघडं. पाचशे वर्षं झाली म्हणे, आणि ती बाई अजून किंचाळतेच आहे.

"मोठी आई, पुतळा आहे गं तो," माझी लेक शर्वरी म्हणाली.

"असू दे की. करणाऱ्याला तरी कळाय नको? मयताच्या म्होरं बाईमाणसानं कसं शोभंल असं रडावं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परदेश होता, चर्च होतं, आणि दुसऱ्या दिवशी लेकीचं लग्न होतं, म्हणून गप्प बसले. पण त्या बाईच्या पुढून माझा पाय निघेना. मला तिचा हेवा वाटत होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सांगलीत एकाच घरात आमच्या दोन चुली. माझा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. एक दिवस ड्युटीवरून आला, चहा टाक म्हणाला, आणि चहा व्हायच्या आत गेला. शरू तेव्हा दुसरीत. मी अशीच ओरडले होते, अगदी या बाईसारखी. तर अक्कांनी येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. "गप, मालन! पोर बघतीया. गल्ली गोळा करतीस व्हय?" मी गप्प झाले. मग त्याच हाताच्या अंगठ्यानं त्यांनी माझं कुंकू पुसलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई दुष्ट. तसंही नाही, आणि तिथंच तर माझं घोडं पेंड खात होतं. नवऱ्याच्या जागेवर मला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. पहाटेची जत गाडी असली की मी अंधारात घर सोडायची. शरूला उठवणं, वेणीफणी, डबा, ताप आला तर रात्र जागवणं, सगळं अक्कांनी केलं. पोटच्या मंदाच्या ताटात आणि माझ्या शरूच्या ताटात कधी डावंउजवं केलं नाही. त्या उपकारानं माझी जीभ बांधली होती.

एरवी माझ्या जिभेला सगळा डेपो टरकून होता. राखीव सीटवर कुणी तरणा गडी बसलाय आणि म्हातारी दांड्याला लोंबकळतेय असं दिसलं की मी कॉलरला धरून उठवायची. "ऊठ! तुझ्या बापाची गाडी आहे का?" मग तो सरपंचाचा पोरगा असो नाहीतर आणखी कुणाचा. घंटीची दोरी माझ्या हातात होती ना! पण घरात सवाष्णींचं काही निघालं की हीच मालन पिसे आपणहून आतल्या खोलीत जायची. मंदाच्या लग्नात मुहूर्ताच्या खिरीसाठी गव्हल्याचं पीठ मी मळलं. चांगलं तिंबून, दुधाचा हात लावून दिलं. आणि सवाष्णी पाटावर बसायच्या आत शरूचा हात धरून कोठीच्या खोलीत जाऊन बसले. मळलेलं चालतं, वळलेलं चालत नाही. कुणी केला हा कायदा, देव जाणे.

शरू इंजिनिअर झाली, शिकायला म्हणून बोलोन्याला गेली, तिथंच नोकरी धरली आणि तिथलाच फिलिप्पो पसंत केला. पोरगा गुणी. मला काही म्हणायचं नव्हतं. अक्कांनाच पहिले चार दिवस जेवण गेलं नाही, आणि पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मग लगीन आपल्या पद्धतीनं व्हायला पायजे. गव्हले वळून, मुहूर्त करून. आणि कन्यादानाला मी आणि आप्पा बसणार. तुला काय बसता यायचं न्हाई."

हे मला सांगताना त्या लसूण सोलत होत्या. मी मान हलवली, बस्स. विमानात मात्र सगळा वेळ माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

तर आम्ही त्या चर्चमधून निघालो. बोलोन्याची एक गंमत आहे. सगळ्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानी, वर घरं आणि खाली सावलीतून चालायचं. सगळं गाव विटांच्या लाल रंगाचं. मधेच दोन उंच मनोरे, त्यातला एक इतका कललेला की आमचे आप्पा, म्हणजे अक्कांचे यजमान, त्याच्याखालून जायला तयारच होईनात. "पडला म्हणजे?" म्हणाले. शरू म्हणाली, "आप्पा, नऊशे वर्षं पडला नाही." तर म्हणतात, "मग आता कवाबी पडंल की." बाजाराच्या गल्लीत दुकानादुकानांतून डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, चीजची ही एवढाली चाकं रचलेली. आप्पा प्रत्येक दुकानापुढं थांबायचे आणि मालक तुकडा चाखायला द्यायचा. म्हाताऱ्याचं पोट त्या गल्लीतच भरलं.

अक्कांचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. चालता चालता त्या बोटांवर सवाष्णी मोजत होत्या. "एक मी. दुसरी पोराची आई. तिसरी त्याची मावशी. आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या दोघी येतो म्हणाल्यात. झाल्या पाच."

"मोठी आई," शरू म्हणाली, "दोनातेल्ला, म्हणजे फिलिप्पोची आई, तिचा घटस्फोट झालाय. ती दुसऱ्याबरोबर राहते. मी सांगितलं होतं तुला."

अक्का कमानीखाली थांबल्या. मी मनात म्हटलं, आता बघू. अक्कांनी घटकाभर विचार केला. "पयला नवरा जिवंत हाय न्हवं?"

"हो, आहे की. मिलानला असतो."

"आणि हा दुसरा?"

"तोही आहे."

"मग चालतंय," अक्का म्हणाल्या आणि चालू लागल्या.

ऐकलंत? दोनातेल्लाबद्दल माझं काही म्हणणं नाही, बाई लाख मोलाची. पण न्याय बघा! दोन नवरे असलेली डबल सवाष्ण, आणि मी एकाच्याच नावानं जन्म काढला तर मी अपशकुनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शरू माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, नको, बोलू नकोस. ती ओठ घट्ट मिटून पुढं चालायला लागली.

फिलिप्पोची आजी एर्सिलिया. तिला सगळे नोन्ना म्हणत, म्हणजे आजीच. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर एवढा मोठा लाकडी पाट मांडला होता की त्यावर एक माणूस झोपला असता. पाटावर पिवळंधमक पीठ, नि शेजारी हातभर लांब लाटणं. म्हातारी एवढीशी, पाठीत वाकलेली, पण लाटायला लागली की दंडाला काय गाठ यायची! लाटलेली पोळी पाटाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. मी वाकून बघितलं तर पलीकडचा उजेड दिसत होता त्यातून.

लग्नाच्या जेवणासाठी ती तोर्तेल्लिनी करत होती. म्हणजे त्या पोळीचे छोटे चौकोन कापायचे, मध्ये सारण ठेवायचं, त्रिकोणी दुमडायचं आणि करंगळीभोवती गुंडाळून टोकं चिमटायची. एकेक तोर्तेल्लिनो होतो कसा, तर बेंबीसारखा. आमच्यासाठी म्हणून तिनं डुकराचं सारण न घालता चक्क्यासारखं मऊ चीज आणि पाला घातलेलं वेगळं केलं होतं. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, मिशीवाला. फिलिप्पोच्या जन्माआधीच गेला होता तो. फोटोला हार नव्हता, पण खाली छोट्या पेल्यात ताजं फूल होतं.

अक्कांनी पिशवीतून सांगलीहून आणलेल्या रव्याचा गोळा काढला. तो भिजवून मळला मीच, आम्ही उतरलो होतो त्या भाड्याच्या घरातून निघण्याआधी, वेगळं सांगायला नकोच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अक्का बसल्या आणि दाखवायला म्हणून त्यांनी पिठाची बारीक दोरी वळली, दोन बोटांत चिमटून तांदळाएवढे दाणे पाडले. टपटप टपटप. अक्कांच्या हाताला तोड नाही, हे मी भांडणातसुद्धा कबूल करीन.

नोन्नानं लाटणं खाली ठेवलं. जवळ आली. एक दाणा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सारून बघितला आणि खदाखदा हसत सुटली. फळीवरची बरणी काढून तिनं अक्कांपुढं उपडी केली. बघतो तर काय, आत तसलेच दाणे! तांदळाएवढे, पिठाचे. आजाऱ्याला पातळ रश्शात शिजवून देतात म्हणे.

"अगं बाई!" अक्का चाट पडल्या. "ह्यांच्यातबी गव्हले?"

मग काय विचारता! दोघी म्हाताऱ्या एकमेकींची भाषा येत नसताना तासन्‌तास गप्पा मारल्यासारख्या बोलायला लागल्या. अक्कांनी त्याच पिठाच्या नखुल्या करून दाखवल्या, मालत्या करून दाखवल्या. नोन्नानं अक्कांची करंगळी धरून तिच्यावर तोर्तेल्लिनो वळवला. दोनातेल्ला फोटो काढत होती, तिची बहीण मिलेना हसत होती, खालच्या मजल्यावरच्या दोघी वाईन ओतत होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत आप्पा चीज खात होते. मी दाराशी उभी होते. माझंही मन निवलं. वाटलं, जाऊ दे, सात समुद्रापलीकडं माणसं इतकी सारखी असतात तर आपण कशाला कुढत बसायचं.

तेवढ्यात नोन्नानं माझ्याकडे बघून हात केला. ये, ये. पिठाचा एक चौकोन तिनं पुढं सरकवला आणि शरूला काहीतरी म्हणाली.

"आई, नोन्ना म्हणतेय की त्यांच्या घरात लग्नाचा पहिला तोर्तेल्लिनो नवरीची आई वळते. मग बाकीच्या हात लावतात."

मी एक पाऊल पुढं टाकलं असेल नसेल.

"न्हाई!" अक्का. आवाज एकदम करडा. "शरू, सांग तिला. मालनला चालत न्हाई. मंगल कार्याला तिचा हात लागत न्हाई. पयली चिमूट मी घेणार, सवाष्णीनं घ्यायची असती."

माझं पाऊल मी मागं घेतलं. सवयच होती पायाला. सगळ्या बायका शरूकडे बघायला लागल्या, कारण मराठी कळणारी आणि तिकडची भाषा बोलणारी तीच एक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आईला हात लावता येत नाही कारण तिचा नवरा मेलाय, हे माझ्या पोरीनं आता परक्यांच्या घरात स्वतःच्या तोंडानं सांगायचं!

शरू बोलली. चांगली दोन-चार वाक्यं बोलली, नोन्नाच्या डोळ्यांत बघून. आवाज शांत. दोनातेल्लानं काही म्हणायला तोंड उघडलं तर मिलेनानं तिचा दंड दाबला. नोन्नानं एक छोटासा प्रश्न विचारला. शरूनं एका शब्दात उत्तर दिलं. मग नोन्नानं माझ्याकडे बघितलं. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. आणि तिनं काय करावं?

तिनं हात पुसले. कमरेचा ॲप्रन सोडला, घडी घातली, लाटण्यावर ठेवला. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाटापुढून उठून, खाली मान घालून ती खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. हात मांडीवर. पीठ अजून नखांत होतं तिच्या.

मला कळायला वेळ लागला नाही. तीही विधवाच की! पाहुण्यांच्यात विधवेचा हात चालत नाही असं ऐकलं, तर म्हातारी पाहुण्यांचा मान राखून उठली. जिनं सकाळपासून कंबर मोडून लाटलं, तीच बाजूला.

मग माझं जे डोकं फिरलं!

"अक्का!"

असा आवाज मी जत गाडीत काढायची, छपरावर माणसं चढली की. फळीवरच्या बरण्या वाजल्या असतील. आप्पांच्या हातातलं चीज खाली पडलं.

"बघितलंत काय केलंत? म्हातारीला तिच्या घरात उठवलीत तुम्ही! तिच्या चुलीपुढून!"

"मी कुठं तिला..." अक्का गडबडल्या. "मी तुझं बोलले."

"माझं बोललात म्हणजे तिचं नाही झालं? तिचा नवरा काय पेन्शनीवर गेलाय? तो बघा फोटोत बसलाय! सांगा आता, हिनं लाटलेली पोळी चालेल का तुम्हाला? का टाकून द्यायची? आणि हे गव्हल्याचं पीठ कुणी मळलंय? मीच ना? मळताना माझे हात पवित्र आणि वळताना विटाळ? हा कुठला कायदा काढलाय तुम्ही?"

"मालन, तोंड सांभाळ. रीत हाय ती. मी काय माझ्या मनानं बोलत न्हाई."

"खड्ड्यात गेली रीत! ती दोनातेल्ला चालते, मी का नाही चालत? नवरा मेला तो काय मी मारला? चहा टाक म्हणाला, मी चहा टाकत होते!"

हे बोलताना माझा आवाज फाटला. इतक्या वर्षांत मी हे वाक्य कुणापुढं बोलले नव्हते. अक्का उभ्या राहिल्या.

"याच हातांनी तुझ्या पोरीला भरवलंय मी," त्या म्हणाल्या. "तू गाड्या फिरवत हुतीस तवा. आणि आज मला परक्यांच्या म्होरं बोल लावतीस?"

हीच ती भीती होती माझी. इतकी वर्षं हेच वाक्य ऐकावं लागू नये म्हणून मी कोठीच्या खोलीत जाऊन बसत होते. पण एकदा ऐकल्यावर लक्षात आलं, ऐकलं म्हणून काही मरत नाही माणूस.

"भरवलंत," मी म्हटलं. "तुमचे पाय धुऊन पाणी प्यायला तयार आहे मी त्याच्यासाठी. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर. पण अक्का, ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. तो तुम्ही अजून काढलेला नाही. आज मी काढतेय. पहिला हात मी लावणार, आणि उद्या कन्यादानाला पाटावरसुद्धा मीच बसणार. माझी पोर आहे."

"मग आमचं काय काम हितं?"

"जेवायला या की! मानानं या. पुढच्या रांगेत बसा."

अक्का पदर खोचून दाराबाहेर पडल्या. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत गेल्या. आप्पा उठायला लागले, अर्धे उठले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "जाऊ दे तिला. खाली कमानीत बसंल. लई लांब जायाची न्हाई, रस्ता ठावं न्हाई तिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बस पाटावर, मालन. धाकट्याची पोर हाय."

मी खिडकीशी गेले. नोन्नाच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "उठा आजी. तुमची जागा आहे ती." मराठीतच म्हटलं. माझ्याकडं दुसरी भाषा कुठं होती! म्हातारी उठली. मी तिचा ॲप्रन उचलला आणि तिच्या कमरेला मागून गाठ मारून दिली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

पहिला तोर्तेल्लिनो मी वळला. करंगळीवर घेतला, टोकं चिमटली. वेडावाकडाच झाला, सारण एका बाजूनं बाहेर. नोन्नानं तो ताटाच्या मधोमध ठेवला आणि मग मी अक्कांच्या पिठाची दोरी घेऊन पहिली चिमूट पाडली. ती मात्र सुबक पडली. पीठ मीच मळलेलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी नोन्नाच्या घरामागच्या अंगणात लग्न लागलं. सांगलीचे गुरुजी लॅपटॉपमधून मंत्र म्हणत होते आणि मधेच गोठत होते. ते म्हणाले, कन्यादानाला कोण बसलंय? मी म्हटलं, मुलीची आई. एकटी? एकटी. गुरुजी जरा घुटमळले. मी म्हटलं, "गुरुजी, घंटी मारलीय मी, गाडी सोडा." त्यांनी सोडली. अक्का मागच्या रांगेत उभ्या होत्या. अक्षता टाकल्या, पण माझ्याकडं बघितलं नाही. खिरीचा एक घास मात्र घेतला, हे मी बघितलं.

अक्का आजही शेजारच्या चुलीवर आहेत. बोलतात, भाजीची वाटी देतात घेतात. पण तो विषय निघाला की उठून जातात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माझाही कुठं गेलाय!

हे सगळं मला आज आठवायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात शरू सातव्यात सांगलीला आली होती. डोहाळजेवण केलं, ओटी मी भरली, पहिली, आणि कुणाला विचारलंसुद्धा नाही. बायका गेल्यावर आम्ही दोघी मायलेकी गव्हल्याची खीर खात बसलो. नोन्ना या हिवाळ्यात गेली. तिचा विषय निघाला.

"किती मायाळू बाई," मी म्हटलं. "आमचा मान राखायला बिचारी आपल्या पाटापुढून उठून गेली."

शरूनं चमचा खाली ठेवला. "आई, ती उठली नाही. मी उठवली."

"म्हणजे?"

"मी मोठ्या आईचं म्हणणं सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, नोन्ना, मी सांगते तसं कर, कारण नंतर सांगीन. ॲप्रन काढ आणि खिडकीपाशी जाऊन गप्प बस. माझी आई तुला उठवायला येईल."

माझ्या तोंडातला घास तोंडात राहिला. म्हणजे दोनातेल्लाला माहीत होतं, मिलेनाला माहीत होतं, त्या खालच्या मजल्यावरच्या दोघींनासुद्धा! सगळी खोली माझ्याकडे बघत बसली होती, आणि मी मेली येड्यासारखी ओरडत होते!

"आणि तिनं तुला विचारलं काय होतं? काहीतरी विचारलं होतं तिनं."

"खरंच येईल का, असं. मी म्हटलं, येईल." शरू हसत होती, पण डोळे भरले होते तिचे. "तू स्वतःच्या जागेसाठी कधी उठणार नव्हतीस, आई. पण म्हातारीला कुणी सीटवरून उठवलं तर तू गाडी थांबवतेस. हे मला माहीत नाही होय?"

असा संताप आला मला! पोटच्या पोरीनं मला फसवावं? सगळ्यांच्या देखत तमाशा करायला लावावा? "सरळ सांगता येत नव्हतं तुला?" मी ओरडले. "आई, तू गप्प बसू नकोस, एवढं तोंडानं सांगता येत नव्हतं? जीभ झडली होती का तुझी?"

"सांगितलं होतं," शरू म्हणाली. "मंदाताईच्या लग्नात. कोठीच्या खोलीत. मी मोठ्यानं रडत होते, माझ्या आईला बाहेर का बसू देत नाही म्हणून. मी आठवीत होते."

"मग?"

"तू माझ्या तोंडावर हात ठेवलास."

शेजारच्या चुलीवर अक्का काहीतरी फोडणीला टाकत होत्या. खीर वाटीत निवून घट्ट झाली होती. मी माझ्या हाताकडं बघितलं, आणि मग दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

"बोल," मी म्हटलं. "काय म्हणायचं होतं तुला तेव्हा, ते सगळं बोल. मोठ्यानं बोल. ऐकू दे गल्लीला."